संकष्टीच्या दिवशी पाळण्यात

गुरुवार, ८ जानेवारी

माझ्या मुलाच्या, मधूच्या कंपनीची डायरी दरवर्षी येते आणि धोब्याच्या कपड्यांच्या हिशेबाला जाते. यंदा मी घेतली. परवापासून घरात एकच धोशा आहे, ‘आईला आठवत नाही.’ मी पडले कशी, किती वेळ पडून होते, आठवत नाही म्हणे. मला सगळं आठवतं. म्हणून लिहून ठेवते. उद्या कोणी तोंड उघडलं तर पान पुढे करीन. शाळा चौथीपर्यंत झाली, अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण वाचणारी मीच.

तर मंगळवारी अंगारकी संकष्टी होती. दिवेलागण झाली, देवापुढे दिवा लावला आणि मोदकांसाठी नारळ खोवायला बसणार तेवढ्यात अंगाला घाम सुटला, हातपाय लटलटले, डोळ्यांपुढे काळं आलं. पडले. यात न समजण्यासारखं काय आहे? माझी सून कल्पना फरशी फिनेलने अशी पुसते की पालसुद्धा घसरेल. शेजारची कृष्णवेणी कढीपत्ता मागायला आली, तिने बोंब मारली आणि माझ्या तोंडात साखरेचं पाणी ओतलं. मी लगेच उठून बसले. पण चंद्राच्या आधी तोंडात गोड गेलं. लग्नानंतर पहिल्यांदा उपास मोडला. त्याचं कोणालाच काही नाही.

डॉक्टर पोरगेलासा होता. त्याने विचारलं, साखरेची गोळी वेळेवर घेता का? म्हटलं, एक दिवस चुकवत नाही. जेवण वेळेवर घेता का? म्हटलं, घेते. घेतेच की. उपासाचं त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही, देवाच्या गोष्टी त्याला काय सांगायच्या. शेवटी म्हणाला, वय झालंय, लक्ष ठेवा. एवढं सांगायला चौथी पास पुरे होती.

डावं मनगट सुजलंय. पदराखाली ठेवते.

रविवार, ११ जानेवारी

मधूची बदली पुण्याला झाली. फेब्रुवारी सरताना जायचं. माझी नात निधी तिथे कॉलेजात आहेच. चौदाव्या मजल्यावर घर घेतलंय, आणि इथलं, आवडी गावातलं हे घर मधूच्या हाताखालच्या दर्शन नावाच्या पोराला भाड्याने द्यायचं. मला विचारलं नाही, सांगितलं.

म्हटलं, “मी येत नाही.”

“आई, लोक म्हातारपणी महाराष्ट्रात परत जायला तळमळतात.”

“तळमळू देत. मी साताऱ्याची. पुण्यात माझं काय पुरलंय? लग्न झाल्यावर आले ती इथे तमिळ मुलखात, आवडीला. तुझे वडील इथे रणगाड्यांच्या कारखान्यात राबले, हे घर बांधलं, इथेच गेले. इथे भाजीवाली मला ओळखते, मी न बोलता ती कोथिंबीर टाकते. चौदाव्या मजल्यावर मला कोण ओळखणार, लिफ्ट?”

“अगं, पण तू एकटी कशी राहशील? परवा काय झालं पाहिलंस ना? आयुष्यात एक रात्र तरी एकटी राहिलीस का?”

खरंच राहिले नाही. माहेरी आम्ही सात भावंडं एका ओळीत झोपायचो. इथे नवरा, मग मधू. हे कधी फिरतीवर गेले तर कृष्णवेणीची सासू सोबतीला झोपायला यायची आणि रात्रभर घोरायची.

“राहून दाखवते,” मी म्हटलं. “तुम्ही दोघं जा कुठेतरी.”

“इथे? भिंतीपलीकडे कृष्णवेणीअम्मा आहेत, त्या तासातासाला डोकावतील. याला एकटं राहणं म्हणत नाहीत.”

“मग पळणीला जाते.”

“देवळाच्या गावात म्हातारीला कोणीही हात देतं.”

निधी फोनवर होती, स्पीकर लावलेला. कार्टी हसत म्हणाली, “बाबा, तिला समुद्राकाठच्या थीम पार्कला पाठवा. आम्ही शाळेतून गेलो होतो ना? तिथे रिसॉर्ट पण आहे. तिथे एकटं कोणीच जात नाही. आजी तिथे एक रात्र राहिली, तर मी मानलं.”

मधूला वाटलं, पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या म्हटल्यावर मी माघार घेईन. तो म्हणाला, “चालेल. एकटीने जायचं, एक रात्र राहायचं, एकटीने परत यायचं. आम्हाला फोन नाही. नीट आलीस तर घर भाड्याने द्यायचं नाव काढणार नाही. काही झालं, नाहीतर फोन केलास, तर गुपचूप पुण्याला.”

“शब्द?”

“शब्द.”

कल्पना पोळ्या लाटत होती. एक पोळी करपवली. तिला काय, पुण्याला तिचं माहेर जवळ. सासू बरोबर नेली की स्वयंपाकघर फुकटात चालतं. मला कळत नाही असं थोडंच आहे.

गुरुवार, १५ जानेवारी

पोंगल. कृष्णवेणी गोड पोंगल घेऊन आली. तिचे पूर्वज तंजावरला आले त्याला शतकं झाली. तिची मराठी ऐकली की वाटतं माझी खापरपणजी तमिळ शिकून परत आलीय.

“अक्का, तुम्ही पाण्याच्या खेळाला जाणार म्हणे?”

“जाणार.”

“एकट्या? अय्यो. तेथें काय करणार ओ तुम्ही?”

“बसणार. खुर्ची असेलच की एखादी.”

“मी येतें. लांब बसतें. ओळख दाखवणार नाहीं.”

“तुला लांब बसता येत असतं तर आणखी काय हवं होतं?”

ती हसली, पण मग तिने घाण केली. आमच्याकडे काय, तिच्याकडे काय, कोणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही रीत. तिने आमची स्टीलची वाटी पोंगल भरून कल्पनाच्या हातात दिली आणि वर म्हणाली, “ही तुमची. दर संकष्टीला अक्का दहीं, पेरू घालून धाडतात, माझी नात आवडीनें खाते.”

ते दही आणि पेरू कल्पना बँकेत जाताना माझ्यासाठी काढून ठेवते, उपासाला म्हणून. मी खात नाही. पूर्वी साबुदाणा खायचे, तो साखरेमुळे डॉक्टरने बंद केला. शेंगदाण्याने पित्त होतं. दही-पेरू खाऊन केला तर तो उपास कसला? मग राहिलं पाणी. मी पाण्यावर करते, चंद्र उगवेपर्यंत.

कृष्णवेणी गेल्यावर कल्पना वाटी हातात धरून उभी.

“आई, संकष्टीला तुम्ही काय खाता मग?”

“तुझं डोकं.”

“आणि गोळी?”

“गोळी घेते की. गोळी म्हणजे काय अन्न आहे? देवाला चालते.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ओट्याकडे वळून उगाच भांडी घासायला लागली, घासलेलीच. वाटीवरून एवढा राग. सून म्हणजे सून.

मंगळवार, २० जानेवारी

एकट्या बाईला खोली मिळत नाही. कल्पना मोबाईलवर बुकिंग करायला बसली, तर तिथे दोन माणसांच्या खालचा आकडाच नाही. फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, ज्येष्ठ नागरिकाबरोबर सोबतीला माणूस हवं. शेवटी दोघांचं पॅकेज घेतलं. दोन माणसांची न्याहारी आहे, एकटीने कशी संपवायची?

दिवस मधूने ठरवला. शनिवार-रविवार गर्दी, पुढच्या आठवड्यात सामान बांधायची माणसं, म्हणून गुरुवार, पाच फेब्रुवारी. बुकिंग झाल्यावर मी कॅलेंडर पाहिलं. पाच फेब्रुवारीला गणपतीचं चित्र. संकष्टी.

बोलले नाही. बोलले असते तर मधू म्हणाला असता, मग राहू दे, आणि ते राहिलंच असतं. उपास काय, कुठेही करता येतो. चंद्र काय आवडीतच उगवतो?

कॅलेंडर भाऊ दरवर्षी साताऱ्याहून पाठवतो. मागच्या पानावर गावागावाच्या चंद्रोदयाच्या वेळा असतात, मी साताऱ्याची बघते. पहिल्या वर्षापासून तीच. आमच्या घराच्या उगवतीला पाण्याची टाकी आहे, चंद्र तिच्यावर येईस्तोवर दिसत नाही, म्हणून कॅलेंडर बरं. कृष्णवेणी कधीकधी गच्चीवरून ओरडते, “अक्का, आला ओ चंद्र!” मी म्हणते, माझ्या कॅलेंडरात अजून यायचाय.

रविवार, २५ जानेवारी

आज रंगीत तालीम केली. घरी सांगितलं, कृष्णवेणीकडे जाते. स्टेशनवर गेले, लोकल धरली, सेंट्रलला उतरले, रस्ता ओलांडून पार्क टाउनला गेले, तिथून पुलावरून जाणारी गाडी धरून तिरुवान्मियूरला. तिथून पुढे समुद्राच्या रस्त्याने बस. बस नुसती बघितली, बसले नाही. गुलाबी पाटीच्या बसला बायकांना तिकीट लागत नाही.

जाता-येता प्रत्येकाने एकच विचारलं. तिकीट खिडकीवर, जिन्यावर, गाडीत शेजारच्या बाईने. “पाट्टी, कूड यारु?” आजी, सोबत कोण? मी सगळ्यांना सांगितलं, “यारुम इल्ले.” कोणी नाही. एकीने ते ऐकून माझ्या हातावर केळं ठेवलं. मी काय भिकारीण दिसते? खाल्लं मात्र. चांगलं होतं.

येताना जिन्यावर जरा दम लागला. घरी आले तर मधू दारात. “कृष्णवेणीअम्मा मघाशी तुला शोधत इथे आल्या होत्या.” ही बाई लांब बसणार होती!

“तू नक्की कुठे होतीस ते आठवतंय का आई?” त्याने विचारलं. अगदी मऊ आवाजात. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

रविवार, १ फेब्रुवारी

दर्शन आणि त्याची बायको घर बघायला आले. मी गुरुवारी जायची आहे आणि याने रविवारी माणसं आणली. मधू म्हणतो, नुसतं बघायला. त्याची बायको माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, “इथे भिंत काढली की मॉड्युलर होईल.”

म्हटलं, “काढा. फक्त भिंतीतून एक पाण्याचा नळ जातो. कुठून, ते कोणाला माहीत नाही. आणि डिसेंबरात पाऊस लागला की गटाराचं पाणी उलट येतं, ते मात्र बरोबर ओट्यापर्यंत येऊन थांबतं.”

ती टाचा उचलून उभी राहिली, जणू आलंच पाणी.

“आई!” मधू म्हणाला.

“खोटं बोलले का? सांग, पाणी आलं नव्हतं?”

आलं होतं. त्याला खाली बघावं लागलं. पण जाताना दारात तो दर्शनला हळूच म्हणाला, “शुक्रवारी फायनल कळवतो.” मी ऐकलं. गुरुवारी मी नीट गेले पाहिजे, नीट राहिले पाहिजे. घसरता कामा नये, विसरता कामा नये, हातातून पेलासुद्धा पडता कामा नये.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

पिशवी भरली. दोन साड्या, टॉवेल, गोळ्या, चार्जर, गणपतीचा छोटा फोटो. ट्रॉलीची बॅग नको, ती माझ्याआधी पळते.

कल्पना आज पुन्हा गोळीवर आली. दार लोटून घेतलं आणि हळू म्हणाली, “आई, गुरुवारी संकष्टी आहे. मी यांना बोलले नाही. पण त्या दिवशी काही खाणार नसाल तर गोळी घेऊ नका. मी डॉक्टरांना फोन करून विचारलंय.”

बघा. डॉक्टरने दिलेली गोळी बंद करायची, म्हणजे मी तिथे आडवी होणार, म्हणजे पुणे. आणि हे सगळं इतकं गोड बोलून.

“गोळी घेणार,” मी म्हटलं. “उपासही करणार. तू तुझं सामान बांध.”

“मग निदान संध्याकाळी—”

“कल्पना.”

मघाशी पिशवी उचलून पाहिली तर कपड्यांखाली एक डबी. उघडली तर खडीसाखर. साखरेच्या रोग्याला खडीसाखर देते ही बाई! काढून ठेवणार होते. मग म्हटलं, राहू दे. परत आले की मधूच्या समोर टेबलावर ठेवीन आणि विचारीन, ही कोणी घातली.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी, सकाळी, रिसॉर्टची खोली

समोर दोघांची न्याहारी आहे. कालचं सगळं लिहायचं आहे, क्रमाने लिहिते.

सकाळी निघाले. कृष्णवेणीने दारात कापूर ओवाळला आणि दुपारच्या राहुकाळाच्या आत पोचा म्हणून बजावलं. मधू स्टेशनपर्यंत येतो म्हणाला, मी म्हटलं, शब्द दिलास ना? कल्पना फाटकाशी उभी होती. फक्त माझ्या पिशवीकडे बघितलं.

प्रवास तालमीसारखाच झाला. गेटवर गोंधळ झाला. काउंटरवरच्या पोराने मनगटाला कागदाचा पट्टा बांधताना विचारलं, “कूड यारु?”

“यारुम इल्ले.”

“दोघांचं बुकिंग आहे.”

“दुसरं माणूस गेलं वारून,” मी म्हटलं. यात खोटं काय? आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली. पोराचा चेहरा पडला, त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, घरच्या कोणाचा तरी नंबर लागेल. मी मधूचा दिला, मग लक्षात आलं. आता माझं काही झालं की पहिला फोन त्यालाच जाणार.

दुपारी गोळी घेतली, पुरावा हरवायला नको म्हणून खडीसाखरेची डबी कमरेला खोचली. खोलीत बसवेना म्हणून बाहेर पडले. पाण्याच्या तळ्यात यंत्राने लाटा सोडतात आणि लोक किंचाळतात. पलीकडेच देवाने खरा समुद्र फुकट ठेवलाय, तिथे कोणी जात नाही. मी साडी वर खोचून घोटाभर पाण्यात उभी राहिले, तर राखणदाराने शिट्टी मारली. साडी चालत नाही, नायलॉनचे कपडे हवेत. त्याला सांगितलं, तुझ्या आजीला घाल नायलॉनचे.

दिवस कलला तसा हाताला थोडा कंप आला. म्हटलं, दमले असेन. पाणी प्यायले, पडून राहिले. उठले तर बरं वाटण्याऐवजी जास्तच. काळोख पडला. खोलीच्या खिडकीतून फक्त दुसऱ्या इमारतीची भिंत आणि लाल-निळे दिवे. चंद्र दिसायचा कुठून? उपास सोडायला चंद्र हवा, नाहीतर कॅलेंडराची वेळ हवी, आणि वेळेला अजून खूप अवकाश होता. बाहेर आले तर मोठा पाळणा दिसला. रिसॉर्टवाल्यांसाठी तो उशिरापर्यंत चालतो. वर गेलं की समुद्र दिसणार, समुद्राकडून चंद्र दिसणार.

पाळण्याशी पोचेपर्यंत पाय कापसाचे झाले होते. तिथला माणूस म्हणतो, “पाट्टी, एकट्याला बसवत नाही. सोबत कोण?”

माझ्या पुढे एक जोडपं होतं, नवं कोरं. पोरीच्या हातावरची मेंदी अजून लाल. मी त्या पोरीचा दंड धरला. “हे काय. माझी नात आणि नातजावई.”

पोरीने माझ्याकडे पाहिलं. माझा हात तिच्या दंडावर थरथरत होता, तो तिला कळला असणार. ती म्हणाली, “हो, आमची पाट्टी.” नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. तिचं नाव रम्या, त्याचं कार्तिक. वर जाताना सांगितलं. बिचाऱ्याने वरच्या टोकाला काय काय ठरवलं असेल आणि समोर मी.

पाळणा वर गेला आणि थांबला. खाली माणसं चढत होती. मला घाम सुटला, लुगडं पाठीला चिकटलं. समोरची दोघं मध्येच दोन, मध्येच चार दिसायला लागली. अंगारकीला झालं होतं अगदी तसं. आणि इथे फरशी नव्हती, फिनेल नव्हतं, कल्पनाही नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, गोळी घेते, आणि खात काही नाही. तीच गोष्ट दोनदा. वाटी, पेरू, ‘आणि गोळी?’ म्हणून तिचं ते बघत राहणं.

इथे पडले तर हे दोघं खाली नेतील, मॅनेजर मधूला फोन करील, दर्शनची बायको भिंत काढील.

पाळणा जरा फिरला आणि समुद्राच्या काठावर चंद्र दिसला. तांबडा, वाकडा, पाण्यातून नुकता वर आलेला. मी घड्याळ बघितलं. साताऱ्याच्या वेळेला अजून अर्धा तास होता. परत बघितलं. कॅलेंडर खोटं म्हणावं, तर भाऊ पाठवतो. चंद्र खोटा म्हणावा, तर तो समोर आहे.

कमरेची डबी काढली. उघडेना. रम्याने उघडली. मी कार्तिककडून बाटली घेतली, चंद्राला हात जोडले आणि ओंजळभर पाणी बाहेर सोडलं. अर्घ्य नको का द्यायला? खालून कोणीतरी शिवी दिली. मग खडीसाखर तोंडात टाकली. आणखी एक. आणखी दोन. रम्या माझा हात धरून बसली होती, तो मी काढून घेतला नाही.

पाळण्याच्या दोन फेऱ्या झाल्या तोवर दोघांचे दोघंच दिसायला लागले. कार्तिक म्हणाला, “पाट्टी, डॉक्टर?” म्हटलं, “नको. तू तिच्याशेजारी बस. मी डोळे मिटते.”

खाली उतरून बाकावर बसले आणि फोन काढला. शब्द माहीत होता. एक रात्र, फोन नाही. तरी केला. मधूला नाही.

“कल्पना, डबीत खडीसाखर तू घातलीस?”

“खाल्लीत?” तिचा श्वास मला ऐकू येत होता.

“खाल्ली.”

“किती?”

“मोजत बसले नाही.”

“आता कसं वाटतंय?”

“तुझ्याशी भांडता येईल इतकं बरं.”

ती म्हणाली, “आता लगेच जेवा. भात, वरण, जे असेल ते. जेवून झाल्यावर अर्ध्या तासाने मला मिस्ड कॉल द्या. हे आंघोळीला गेलेत. मी कोणाशी बोललेले नाही.”

जेवले. मिस्ड कॉल दिला. दार लावलं, कडी तीनदा तपासली आणि आडवी झाले. आयुष्यात पहिल्यांदा खोलीत मी एकटी. कोणी घोरत नव्हतं. झोप लागायला वेळ लागला, पण लागली.

आता दोघांची न्याहारी. रम्या आणि कार्तिक पलीकडच्या टेबलावर आहेत. माझ्याकडे बघून हात हलवतात. दुसरी थाळी त्यांच्याकडे पाठवली.

शनिवार, ७ फेब्रुवारी

काल दुपारी आले. मधू स्टेशनवर उभा होता, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मला आपादमस्तक बघितलं, सामान फुटलंय का बघतात तसं. घरी आल्यावर कल्पनाने पाणी दिलं. मधू खुर्ची ओढून समोर बसला.

“आई, फोन केलास का कोणाला?”

कल्पना पटकन म्हणाली, “मला तर नाही आला.”

झालं होतं. घर माझं होतं. मी नुसतं पाणी पीत बसायचं होतं. पण तिने ते इतकं सरळ चेहऱ्याने म्हटलं, आणि माझ्या मनात आलं, मी हिच्याविरुद्ध टेबलावर डबी ठेवणार होते. शिवाय माझं घर, ते सुनेच्या खोट्यावर कशाला उभं राहू दे?

“केला,” मी म्हटलं. “कल्पनाला. चक्कर आली म्हणून.”

मधूने डोळे मिटले. “म्हणजे हरलीस.”

“हरले.”

“मग फेब्रुवारीच्या शेवटी—”

“थांबा,” कल्पना म्हणाली. तिने पेला माझ्या हातातून घेऊन टेबलावर आपटला. इतक्या वर्षांत तिचा आवाज मी असा ऐकला नव्हता. “त्या पडल्या का? नाही. चक्कर आली तेव्हा त्यांनी खाल्लं, आणि फोन केला. एकट्या माणसाने हेच करायचं असतं. फोन करायचा नाही ही कसली अट घातलीत तुम्ही?”

मग तिने सगळं सांगितलं, पेरूची वाटी, पाण्यावरचा उपास, गोळी. मधू माझ्याकडे, तिच्याकडे, परत माझ्याकडे.

“तुला हे तीन आठवडे माहीत होतं? मला का नाही सांगितलंस?” त्याने तिला विचारलं.

“सांगितलं असतं तर तुम्ही यांना पुण्याला नेलं असतं.”

“मग काय वाईट झालं असतं?”

ती माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, राग मानू नका. तुम्हाला एकटं राहायचंय ना? मलाही एकदा सासूशिवाय घर करून बघायचंय.”

मधूचं तोंड उघडंच राहिलं. मला हसू आलं. इतकी वर्षं ही मला आतून बोलत असेल हे माहीत होतं, पण एवढं स्वच्छ बोलेल असं वाटलं नव्हतं.

“मानला नाही,” मी म्हटलं. “फिनेल मात्र घेऊन जा तुझ्याबरोबर.”

आज सकाळी मधूने दर्शनला फोन करून घर देणार नाही म्हणून सांगितलं. मग आम्ही तिघं डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरने विचारलं, उपासाचं आधी का नाही सांगितलंत? म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत. त्याने संकष्टीचा वेगळा कागद लिहून दिला. कडक उपास बंद, म्हणाला. मी म्हटलं, बघू. कल्पना म्हणाली, “बघू नाही. मी विचारणार आहे.”

शुक्रवार, ६ मार्च

मधू-कल्पना पुण्याला जाऊन आठवडा झाला. घर मोठं वाटतं, कपडे कमी निघतात. कृष्णवेणी दिवसातून चारदा डोकावते. हाकलते, जात नाही.

आज संकष्टी. दुपारी दही खाल्लं, पेरू खाल्ला. देवाने काही केलं नाही. गोळी कागदात लिहिल्याप्रमाणे.

अंधार पडल्यावर कृष्णवेणीच्या गच्चीवर गेले. तिच्या जिन्याला कठडा नाही, ते मधूला सांगणार नाही. टाकीच्या पलीकडून चंद्र आला. खाली उतरून पान वाढून घेतलं, तोच फोन वाजला.

“उगवला का?” कल्पना.

“उगवला. तुमच्याकडे?”

“अजून नाही. मी गॅलरीतच उभी आहे. चौदाव्या मजल्यावरून बरंच दिसतं, पण चंद्र नाही. आम्हाला अजून अर्धा तास.”

“तू कशाला उभी आहेस? तू कुठे उपास करतेस?”

“असंच. तुम्ही जेवा.”

“बोलत राहिलीस तर कशी जेवू?”

तिने ठेवला. मोदक दोनच केले होते, एक देवाचा, एक माझा. जेवले, ताट घासलं. भिंतीवर साताऱ्याचं कॅलेंडर तसंच आहे, भाऊ पाठवतो म्हणून काढलं नाही. साताऱ्याचा चंद्र उगवायच्या आत माझं ताट धुऊन पालथं पडलं होतं.